प्रदर्शनाचं मॉडेल: ब्रेडबोर्डवर की झिरो पीसीबीवर?

लॅबमध्ये ब्रेडबोर्डला, म्हणजे सोल्डर न करता वायर खोचून सर्किट जोडायच्या बोर्डला, तोड नाही. चूक झाली की वायर उपटायची, दुसरीकडे खोचायची. पण प्रदर्शनाच्या टेबलावर दिवसभर लोक मॉडेल हाताळतात, तिथे जंपर वायरी सैल होतात. शिवाय ८३० होलच्या काही बोर्डांत पॉवरची पट्टी मधोमध तुटलेली असते, ती जोडायची राहून जाते. ५ व्होल्टचा रिले (छोट्या करंटने मोठी लाइन चालू-बंद करणारा स्विच) चालू झाला की साधारण ७० मिलिअँपिअर जादा करंट लागतो. सैल जोडावर व्होल्टेज पडतं आणि ईएसपी३२ (मॉडेल चालवणारा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) रीसेट होतो. मग कोडमध्ये नसलेली चूक शोधत बसायचं! रिलेच्या सप्लायवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून थोडा आराम पडतो, इतकंच.

झिरो पीसीबीला, म्हणजे पार्ट सोल्डर करून बसवायच्या होलच्या कोऱ्या बोर्डला, एक संध्याकाळ जास्त द्यावी लागते. ईएसपी३२ थेट सोल्डर करू नका, फिमेल बर्ग स्ट्रिपवर (पिन खोचायच्या सॉकेटच्या पट्टीवर) बसवा. जळाला तर मिनिटात बदलता येतो. सोल्डर गोळ्यासारखा, निस्तेज दिसला तर तो ड्राय जॉइंट (नीट न धरलेला जोड) समजा, पुन्हा तापवा.

घरच्या विजेचे २३० व्होल्ट मात्र ब्रेडबोर्डवर कधीच नाही. झिरो पीसीबीवरही होलमधलं अंतर जेमतेम २.५४ मिलिमीटर, म्हणून रिलेवर चालणाऱ्या बल्बची लाइन फ्यूजसह वेगळ्या बंद डब्यातूनच न्यावी.