नंबरचा मास्क आणि डायव्ह कॉम्प्युटर: थायलंड ट्रिपसाठी घेतले, आता बरेच महिने वापरून झालेत

थायलंडची डायव्हिंग ट्रिप ठरली तेव्हा मी सामानाची जी यादी केली होती ती बघून नवरा म्हणाला, अगं आपण डायव्हिंगला जातोय का दुकान टाकतोय. शेवटी दोनच गोष्टी विकत घेतल्या, चष्म्याच्या नंबरचा मास्क आणि मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजून अजून किती वेळ खाली राहता येईल ते सांगणारं घड्याळासारखं यंत्र. मास्क नसता तर मी तिकडे जाऊन निळा रंग बघून परत आले असते. कॉम्प्युटरबद्दल मात्र माझं मत सगळ्यांना पटेल असं नाही. ब्रँड लिहित नाही, कारण सुरुवातीच्या किमतीतले सगळे साधारण एकाच माळेचे मणी आहेत.

माझा नंबर उजवीकडे मायनस सव्वापाच, डावीकडे साडेचार, वर थोडा सिलिंडर (हवेची टाकी नव्हे, चष्म्यातला तिरका नंबर). चष्मा काढला की गडकरी रंगायतनच्या समोर उभं राहूनही आज कुठलं नाटक आहे ते वाचता येत नाही. पाण्यात सगळं साधारण ३३ टक्के मोठं आणि पाव हिस्सा जवळ दिसतं, प्रकाश पाण्यातून मास्कमधल्या हवेत येताना वाकतो म्हणून, त्यामुळे ज्यांचा नंबर दीड-दोनच्या आत आहे ते साध्या मास्कवर आरामात निभावतात. पाचवाल्यांचं जमत नाही. मालवणला ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स केला तेव्हा मास्क सेंटरचाच होता, इन्स्ट्रक्टरच्या हाताच्या खुणा कळायच्या, पण मासा म्हणजे एक पिवळा ठिपका हलतोय एवढंच.

कॉन्टॅक्ट लेन्स घालून डायव्ह करणारे खूप आहेत, सॉफ्ट डेली लेन्स चालतात, हार्ड लेन्स मात्र नको कारण वर येताना लेन्सखाली हवेचे बुडबुडे अडकू शकतात. पण मास्कमध्ये पाणी भरून ते काढायचा सराव करताना डोळे उघडले की लेन्स वाहून जायची भीती, आणि बोटीवर रोज ओल्या खाऱ्या हातांनी लेन्स घालायची काढायची म्हणजे डोळ्यांना इन्फेक्शनचं आमंत्रण. म्हणून मास्कच.

आता नंबरचा मास्क म्हटलं की लोकांना वाटतं चष्म्यासारखं खास बनवून घ्यावं लागेल. तसं नाही. दोन काचांचा मास्क घ्यायचा, त्यात बसणाऱ्या तयार लेन्स अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने मिळतात, दुकानवाला जुनी काच काढून नवी बसवून देतो. या तयार लेन्समध्ये सिलिंडर नसतो. मग सिलिंडरचा अर्धा आकडा मूळ नंबरात मिळवायचा आणि मध्येच कुठेतरी आला तर कमी नंबराकडे वळायचं. माझा उजवा सव्वापाच आणि पाऊण सिलिंडर, म्हणजे पाच पॉइंट सहाच्या आसपास, लेन्स घेतली साडेपाचची. डाव्याला साडेचारच. गोखले रोडवरच्या चष्मेवाल्याकडे खात्री करायला गेले तर त्याने आधी विचारलं की मॅडम पाण्याखाली वाचायचंय काय. हसू आलं, पण प्रश्न अगदी बरोबर होता! चाळिशी लागलेल्या मायनसवाल्यांना पूर्ण नंबर घातला की लांबचा कासव स्वच्छ दिसतो आणि हातातला, टाकीत हवा किती उरली ते दाखवणारा प्रेशर गेज धूसर, म्हणजे जे वाचायलाच हवं तेच दिसत नाही. नंबर किंचित कमी ठेवला तर दोन्ही जमतं. फारच त्रास असेल तर खालच्या बाजूला वाचनाचा नंबर असलेल्या लेन्सही मिळतात.

फिटिंगचं सांगते, कारण ऑनलाइन घेताना सगळे इथेच फसतात. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. चिकटून राहिला तर तुमचा, पडला तर कितीही महाग असला तरी परत. काचेवर टेम्पर्ड लिहिलेलं हवं. आणि मॉलमध्ये मिळतात ते पूर्ण चेहऱ्याचे स्नॉर्कलिंगचे मास्क स्कूबाला चालत नाहीत, त्यात नाक दाबून कान मोकळे करता येत नाहीत आणि टाकीतली हवा घ्यायचा रेग्युलेटरही तोंडात धरता येत नाही.

नव्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो, तो गेला नाही तर थुंकी लावा नाहीतर बेबी शाम्पू, धुकं येतंच. साधी पांढरी टूथपेस्ट, जेलवाली नाही, बोटाने आतून चोळायची, धुवायची, परत चोळायची. माझ्या मास्कला दोन-तीन संध्याकाळ गेल्या. लायटरने तो थर जाळणारे पण आहेत, मी काही ते केलं नाही. एकदा का काच साफ झाली की मग शाम्पूचा एक थेंब पुरतो, अजूनही पुरतोय. नवऱ्याचा मास्क मात्र शेवटपर्यंत गळत राहिला, दोष मास्कचा नाही, मिशीचा. नाकाखाली सिलिकॉनची कड टेकते तिथेच केस. कोणीतरी व्हॅसलिन सुचवलं होतं पण पेट्रोलियम जेलीने सिलिकॉन खराब होऊ शकतं, सिलिकॉन ग्रीस लावा नाहीतर नाकाखालची एक पट्टी तासा. त्याने तासली नाही, दर पाच मिनिटांनी नाकाने फुंकर मारून पाणी काढत बसला.

घरी परतल्यावरचं कोणी सांगत नाही ते म्हणजे ठाण्याचा पावसाळा. जुलैमध्ये घोडबंदरच्या आमच्या फ्लॅटमध्ये चपलांना बुरशी येते तिथे मास्क काय चीज आहे. गोड्या पाण्याने धुवून, सावलीत पूर्ण वाळवून, कडक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवला म्हणून वाचला. पारदर्शक सिलिकॉन काळ्या रबराला चिकटून राहिलं की पिवळट पडतं, म्हणून फिन्ससोबत एका पिशवीत कोंबू नका. पट्ट्याचं एक बक्कल तडकलं, बदलून मिळालं, तक्रार तेवढीच.

आता कॉम्प्युटर. हा वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातो, भाड्यानेही सगळीकडे मिळतो, मग घ्यायचा कशाला? थायलंडच्या सिमिलान बेटांना आम्ही लिव्हअबोर्ड केलं, म्हणजे बोटीवरच राहायचं आणि दिवसाला तीन-चार डायव्ह. अशा वेळी प्रत्येक डायव्हला श्वासातल्या हवेतला नायट्रोजन शरीरात साठत जातो, तो जास्त असताना बाहेरचा दाब झटकन कमी झाला तर त्याचे बुडबुडे होऊन इजा होऊ शकते, म्हणून पहिल्या डायव्हला मिळालेली वेळ चौथ्याला मिळत नाही. छापील टेबलात पहिल्या डायव्हला खाली राहायची मर्यादा १८ मीटरला ५६ मिनिटं आणि ३० मीटरला २० मिनिटं, पण ती सगळा वेळ त्याच खोलीवर काढलाय असं धरून. कॉम्प्युटर तुम्ही खरंच किती वेळ कुठे होतात ते मोजतो. आणि गाइडचा कॉम्प्युटर गाइडच्या शरीराचा हिशोब ठेवतो, तुमचा नाही, तो १५ मीटरवर थांबलाय आणि तुम्ही सीफॅनचा, म्हणजे पंख्यासारख्या प्रवाळाचा फोटो काढायला २० वर गेलात तर त्याला काय कळणार. वर येताना जरा घाई झाली की माझा बीप करून ओरडतो, मिनिटाला ९ मीटरच्या वर जाऊ देत नाही, ५ मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा थांबा, स्वतः मोजतो. हे सगळं भाड्याचाही करतो हो, पण दर ट्रिपला वेगळं मॉडेल, वेगळी बटणं, आणि मेनू शिकायचा कधी, तर बोट हलतेय आणि पोटात नाश्ता हलतोय तेव्हा.

वर्षातून एकदाच चार-पाच डायव्ह करणार असाल तर घेऊ नका, सरळ भाड्याने घ्या. आणि घेतलाच तर मोठ्या आकड्यांचा घ्या, रंगीत स्क्रीनचे लाड चाळिशीपुढे दुय्यम. माझ्यात सी आर २४३० सेल लागतो. २०३२ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, २४३० साठी मी नौपाड्यात चार घड्याळवाले पालथे घातले. सेल बदलताना झाकणाच्या रबरी कड्यावर, म्हणजे ओ-रिंगवर, एक केस जरी अडकला तरी आत पाणी, तेव्हा जाण्याआधी घरी सावकाश बदला आणि एक जास्तीचा जवळ ठेवा.

याच यंत्रामुळे ट्रिपचा शेवटचा दिवस नीट आखला गेला हे मात्र कबूल. डॅन या डायव्हर्सच्या संस्थेचा सल्ला असा की एकच डायव्ह असेल तर विमानाआधी किमान १२ तास थांबायचं, अनेक दिवस रोज डायव्ह केले असतील तर १८ तास. माझा कॉम्प्युटर त्याहून कडक, थेट चोवीस दाखवतो. खाओ लाकला बोटीतून उतरलो, फुकेतचा एअरपोर्ट तिथून तास-सव्वा तासावर, तरी तिथेच एक रात्र काढली. हेच मालवणवरून येतानाही लागू आहे, आणि आपल्याकडे कोणी बोलत नाही याबद्दल. कोकण रेल्वेने कुडाळवरून ठाण्याला आलात तर काही प्रश्न नाही, पण डायव्ह करून त्याच दुपारी गाडीने आंबोली चढून कोल्हापूरला निघालात तर तुम्ही ७०० मीटरच्या आसपास जाताय, शरीराला हवेचा दाब कमी झाल्याशी मतलब, विमान का घाट याच्याशी नाही.

तारखांचं थोडक्यात. सिमिलान नॅशनल पार्क साधारण मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत बंद असतं, म्हणजे मुलांच्या उन्हाळी सुट्टीच्या शेवटच्या टप्प्यात जायचा बेत असेल तर विसरा, आम्ही फेब्रुवारी धरला. थायलंडच्या मरीन पार्कमध्ये ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट वगैरे असलेल्या सनस्क्रीनवर २०२१ पासून बंदी आहे, बाटलीमागचं वाचून घ्या. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कूबा धरलाय का आणि किती खोलीपर्यंत, हेही तसंच, बारीक अक्षरातलं.

वेटसूट नाही घेतला. पाणी २८-२९ डिग्री असलं तरी पाण्यात शरीराची उष्णता हवेपेक्षा वीसेक पटीने लवकर जाते, तिसऱ्या डायव्हला दात वाजतातच, पण ३ मिमीचा सूट बोटीवर भाड्याने मिळतो आणि निओप्रीन आपल्या पावसाळ्यात वाळवत बसायची माझी तयारी नाही. बालीच्या नुसा पेनिडाला मोलामोला, म्हणजे अवाढव्य सनफिश मासा, बघायला जाणाऱ्यांनी माझं ऐकू नका, जुलै ते ऑक्टोबरमध्ये तिथे खालून येणारं पाणी कधीकधी २० डिग्रीच्याही खाली जातं. पुढच्या वर्षी आमचंही तेच डोक्यात आहे, त्याआधी उजव्या डोळ्याची लेन्स बदलावी लागेल, नंबर अर्ध्याने वाढलाय. मास्क तोच राहील, फक्त एक काच नवी.