दूध कमी असताना इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप: सहा महिने वापरल्यावर

लेक तीन आठवड्यांची झाली तरी वजन जन्माच्या वेळेइतकंही भरेना, तेव्हा डबल इलेक्ट्रिक पंप घेतला. बाळंतपणात रक्तस्राव बराच झाला होता, पुढे तपासणीत थायरॉईडही निघाला. ही दोन्ही कारणं दूध कमी करतात, हे डॉक्टरांनी सांगितलं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी बाळ बघायला येणाऱ्या बायका मात्र "अळीव खा, डिंकाचे लाडू खा, पान्हा फुटेल" एवढंच म्हणायच्या. खाल्लं सगळं. एका मावशींनी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून म्हशीचं धारेचं दूध आणून, पाणी घालून पाजायला सांगितलं. बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट नाही म्हटलं: वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध नको, कमी पडेल तेवढा फॉर्म्युला द्या, तोही वाटी-चमच्यानं.

आता पंपाबद्दल. पंपानं दूध तयार होत नाही. छाती जितक्या वेळा रिकामी होते, तितकं शरीर पुन्हा बनवतं, म्हणून बाळाला आधी अंगावर घ्यायचं आणि मग पंप लावायचा. रात्रीचं पंपिंग तर चुकवूच नका, प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारं हार्मोन, तेव्हा जास्त असतं. आमच्या सासूबाई पहाटे गजर लावून मला उठवायच्या आणि तोवर बाळाला मांडीवर घेऊन बसायच्या. त्यांच्याशिवाय हे जमलंच नसतं.

पहिले काही दिवस नुसतं दुखायचं आणि बाटलीचा तळ जेमतेम भिजायचा. माझ्या पंपासोबत फनेल, म्हणजे छातीवर लावायचा भाग, २४ मिमीचं आलं होतं. स्तनपान सल्लागार ताईंनी मोजून बघितलं, तर मला २१ चं लागत होतं. लहान इन्सर्ट बसवल्यावर दुखणं थांबलं आणि दूधही जास्त निघायला लागलं. पंप घेताना ही चौकशी आधी करा, दुकानात कोणी सांगत नाही.

तिसऱ्या महिन्यात ओढच कमी झाली. मोटर गेली असं वाटलं, पण पांढऱ्या रबरी वॉल्वच्या चिरेला केसाएवढी फट पडली होती. नवा वॉल्व घातला, पंप पूर्ववत. एक जोडी घरात जादा ठेवाच. बॅटरी चांगली आहे, लाईट गेली तरी अडत नाही. आवाज मात्र मोठा, शेजारी झोपलेलं बाळ दचकतं.

आजही निम्मं दूध माझं आणि निम्मं फॉर्म्युला. पंप नसता तर माझं एवढंही टिकलं नसतं, म्हणून पैसे वसूल झाले असंच म्हणेन. पण आधी थायरॉईड तपासा आणि बाळ स्तन तोंडात नीट पकडतंय का ते जाणकाराला दाखवा, पंप त्यानंतर. आणि बाटलीतल्या मिलीवरून दूध किती आहे ते ठरवू नका, बाळ पंपापेक्षा चांगलं ओढतं. पहिला आठवडा सरल्यावर २४ तासांत सहा तरी लंगोट भिजतायत का आणि वजन चढतंय का, एवढं बघा.