श्वास मोजायला लावणारं सॉफ्टवेअर

आमच्या नाशिकच्या रुग्णालयातली टीपीआर शीट, म्हणजे पेशंटचा ताप, पल्स आणि श्वास लिहायचा तक्ता, कागदावरून टॅबवरच्या सॉफ्टवेअरमध्ये गेली, त्याला वर्ष उलटून गेलं. आता ओळखीच्या इतर रुग्णालयांतून विचारणा होते, 'कसं आहे हो? घ्यावं का?' विचारणारे बहुतेक मालक-डॉक्टर नाहीतर अकाउंट्सवाले असतात. डेमोलाही तेच बसतात. बेडपाशी उभं राहून ते वापरणाऱ्या सिस्टरला कुणी बोलावत नाही, म्हणून मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज या नात्याने मीच लिहिते. कंपनीचं नाव देत नाही. जे आलं होतं आणि आज आम्ही जे वापरतो, त्यात खूप फरक आहे, आणि तो फरक कंपनीने केलेला नाही.

आलं तेव्हा ते बिलासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर होतं. सिरिंज, ग्लोव्हज, सलाईनचा सेट वापरला की एका बोटात नोंद. इनटेक-आउटपुट, म्हणजे पोटात किती पाणी गेलं आणि लघवी किती झाली, हे लिहायचं तर चार स्क्रीन ओलांडायच्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मिनिटाला किती श्वास, या चौकटीत आधीच १८ भरलेलं यायचं. वीस पेशंट, दोन स्टाफ, त्यात कॅज्युअल्टीतून नवीन ॲडमिशन वर येतंय, अशा वेळी भरलेला आकडा कोण खोडत बसणार?

आमच्याकडे एक सिस्टर आहेत, अनेक वर्षं आयसीयूत काम केलेल्या. त्यांना व्यवस्थापनाने बेडवरून काढून, हे सॉफ्टवेअर वॉर्डाच्या कामाला जुळवून घेण्यासाठी वेगळं पद दिलं: इन्फॉर्मॅटिक्स नर्स. अमेरिकेतल्या नर्सेसच्या संघटनेने नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्सला १९९२ मध्येच स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात आता हा विषय आहे, पण वॉर्डात त्याचं नेमकं काय होतं हे मी या सिस्टरांकडे बघून शिकले. पहिले काही आठवडे त्यांनी काहीच बदललं नाही. नाइटला येऊन नर्सिंग स्टेशनच्या खुर्चीत बसायच्या, कोण कुठे अडकतं ते वहीत टिपायच्या. मग त्यांनी महिन्याभरातले श्वासाचे सगळे आकडे काढून आलेख केला. त्यात १८ वर एक उंच खांब होता, २० वर दुसरा, आणि बाकी जवळजवळ मोकळं. खरी माणसं असा श्वास घेत नाहीत. कुणाचं नाव न काढता तो आलेख त्यांनी कंपनीपुढे ठेवला आणि आधी भरलेला आकडा काढायला लावला. त्या जागी घड्याळ आलं. पेशंटच्या छातीकडे बघत दर श्वासाला स्क्रीनवर बोट टेकवायचं, पूर्ण एक मिनिट. त्याशिवाय नोंद पुढे सरकत नाही.

एवढा आग्रह कशासाठी, ते सांगते. पेशंट किती बिघडतोय हे दाखवणारा न्यूज-२ हा स्कोअर आमच्या टॅबवर आपोआप निघतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो २०१२ मध्ये आणला आणि २०१७ मध्ये सुधारला. श्वास, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी), ऑक्सिजन लावलाय का, वरचं बीपी, पल्स, शुद्ध आणि ताप, या सगळ्यांना गुण. श्वास १२ ते २० असेल तर शून्य, २१ ते २४ ला दोन, २५ किंवा वर गेला की तीन. एकूण ५ झाले की डॉक्टरांनी तातडीने बघायचं, ७ झाले की आणीबाणी. म्हणजे २६ च्या जागी २० पडलं तर तीन गुण नाहीसे होतात, आणि पेशंट बिघडू लागला की बऱ्याचदा आधी श्वासच वाढतो.

पेठ तालुक्यातले एक आजोबा न्यूमोनियाने आले होते. ताप उतरलेला, बीपी ११८, शुद्ध चांगली, नातवाशी बोलत बसलेले. सॅच्युरेशन ९५ म्हणजे एक गुण, पल्स १०४ म्हणजे एक. आमच्या नवीन मुलीने मिनिटभर श्वास मोजला, २६ निघाला. स्कोअर ५. तिने आरएमओंना, म्हणजे ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरांना, फोन केला, एक्स-रे झाला, संध्याकाळपर्यंत आजोबा आयसीयूत होते आणि पुढे बरे होऊन घरी गेले. नुसतं 'आजोबा ठीक दिसतायत' एवढ्यावर ती रात्र काढावी लागली असती, तर काय झालं असतं या विचाराने अजून काळजात धस्स होतं.

पण स्कोअरवर डोळे झाकून विसंबता येत नाही, आणि इथे नाशिकचं नाशिकपण आडवं येतं. ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत फवारण्या सुरू होतात आणि कीटकनाशकाच्या विषबाधेचे पेशंट येतात. त्यांतल्या अनेकांना विषावरचा उतारा म्हणून ॲट्रोपिन चालू असतं. ॲट्रोपिनने पल्स वाढतो, माणूस बरळतोही. मशीनला हे काय माहीत? ते पल्सचे दोन आणि गोंधळलेपणाचे तीन गुण धरून रात्रभर कोकलत राहायचं. कोकलणाऱ्या मशीनकडे माणूस हळूहळू लक्ष द्यायचं सोडतो, आणि मग शेजारच्या बेडचा खरा अलार्मही त्यात बुडतो. कंपनीने सुचवलं, या पेशंटांचा अलार्म बंद करा. आमच्या सिस्टर ठाम नाही म्हणाल्या. फिजिशियनबरोबर बसून त्यांनी ॲट्रोपिनच्या पेशंटसाठी वेगळं पान बनवून घेतलं: छातीत घरघर आहे का, काखेत घाम आहे का, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीएवढ्या आहेत की मोठ्या झाल्या, पल्स, बीपी, पोटातले आवाज. डोस कमी पडतोय की जास्त होतोय, हे या खुणांवरून कळतं. पूर्वी हे सगळं केस पेपरच्या समासात लिहिलेलं असायचं आणि सकाळी पुढच्या ड्यूटीला ओव्हर देताना निम्मं गळायचं. आता सहा तासांचा चढउतार राउंडच्या डॉक्टरांना एका नजरेत दिसतो. संपूर्ण सॉफ्टवेअरमधली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे, आणि ती कुठल्याही डेमोत दिसणार नाही.

सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट दम्यासारख्या आजाराच्या, काही पेशंटांचंही तसंच. कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्यांना सॅच्युरेशन ८८ ते ९२ मध्येच ठेवायचं असतं. न्यूज-२ मध्ये त्यासाठी दुसरी मोजपट्टी आहे, पण ती डॉक्टरांनी ठरवल्याशिवाय लागत नाही. विकत घेणार असाल तर ती सोय आहे का, हे जरूर बघा.

औषध देताना मनगटपट्टीचा बारकोड स्कॅन करायचा ही पद्धत मला मनापासून आवडली. एकाच वॉर्डात नाव-आडनाव सारखं असलेल्या दोन बायका आमच्याकडे नेहमीच असतात. मात्र मध्यंतरी सिस्टरांना नोंदींत दिसलं की खिडकीकडच्या शेवटच्या चार बेडचे स्कॅन एकाच मिनिटात, एकापाठोपाठ होतात. दुसरीकडे असं दिसलं असतं तर मेमो निघाले असते. त्या स्वतः टॅब घेऊन त्या बेडपाशी जाऊन उभ्या राहिल्या, तर तिथे वायफायच येत नव्हतं. स्टाफ स्टेशनपाशी येऊन सगळं एकदम भरत होता. राउटर बसला आणि स्कॅन बेडपाशी होऊ लागले. आकडे माणसांना धरण्यासाठी वापरायचे की अडचण शोधण्यासाठी, हे कुठलीही कंपनी विकत देत नाही. आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५८ मध्ये आलेख काढून दाखवलं होतं की क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या रोगांनी जास्त मेले. त्यांनीही बोट दाखवलं ते घाणीकडे आणि व्यवस्थेकडे.

तक्रारी आहेतच. टॅब दर काही मिनिटांनी लॉगआउट होतो, आणि ग्लोव्हज घातलेल्या हाताने पासवर्ड टाकणं जिकिरीचं आहे. सॅनिटायझरने मनगटपट्टीची छपाई पुसट होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नवी काढावी लागते. बेडसोअरच्या धोक्यासाठी ब्रेडन स्केल दिलंय, चांगलं आहे, पण १८ किंवा खाली स्कोअर आला तरी कूस बदलण्याची आठवण मावशींपर्यंत पोहोचत नाही. ती आम्ही अजून फळ्यावरच लिहितो. लाइट गेल्यावर काय करायचं याचं कंपनीकडे धड उत्तर नव्हतं, म्हणून प्रत्येक स्टेशनवर कोऱ्या टीपीआर शीटचा गठ्ठा ठेवलेला आहे आणि तो ठेवलाच पाहिजे.

माझं मत विचाराल तर घ्या, पण एका अनुभवी नर्सला पूर्णवेळ या कामावर नेमणार असाल तरच. तिचा पगार सॉफ्टवेअरच्या खर्चातच धरा. आणि डेमोला नाइट करणारी सिस्टर पाठवा. तिने विचारायचे प्रश्न साधे आहेत: कुठल्या चौकटीत आकडा आधीच भरून येतो, अलार्मची मर्यादा कोण बदलू शकतं, आणि आमच्या वॉर्डाचे आकडे आम्हाला काढून मिळतील का. शेवटच्याला 'वेगळे पैसे पडतील' असं उत्तर आलं तर तिथेच थांबा.

एक मागणी अजून बाकी आहे. डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या वेळा मराठीत छापायला गेलं की जोडाक्षरं तुटतात, त्यामुळे सुरगाण्याच्या पेशंटला इंग्रजी कागद द्यावा लागतो आणि मागच्या बाजूला आम्ही पेनने 'सकाळी जेवणानंतर' लिहून देतो. सिस्टरांनी कंपनीला लेखी कळवलंय, पुढच्या अपडेटची तारीखही घेतलीय. ते झालं की कळवीन.