प्रॉमथेप की उलुवातू? आधी सुट्टी कधीची ते बघा

समुद्रात घुसलेलं टोक, तिथे देवस्थान आणि समोर सूर्यास्त, एवढं मनात धरून परदेशातल्या बेटावर जायचं म्हटलं की ठाण्यातला ट्रॅव्हल एजंट हमखास दोन पॅकेजं पुढे सरकवतो: थायलंडमधलं फुकेत आणि इंडोनेशियातलं बाली. फुकेतमध्ये ही जागा म्हणजे बेटाच्या दक्षिण टोकाचं प्रॉमथेप, बालीत उलुवातू. जाहिरातीतल्या फोटोंत दोन्ही सारखीच दिसतात. पण भावाची घासाघीस करण्याआधी घरातलं कॅलेंडर काढा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो.

फुकेतला आपल्यासारखाच नैऋत्य मोसमी पाऊस, साधारण मे ते ऑक्टोबर. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे तिथलं गणित उलटं: एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे महिने, नोव्हेंबर ते मार्च पाऊस. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत निघणार असाल तर उलुवातू, नाताळात निघणार असाल तर प्रॉमथेप. मे-जूनमध्ये फुकेतची पॅकेजं स्वस्तात मिळतात आणि लोक भुलतात. सूर्यास्त बघायला म्हणून गेलात आणि सूर्य ढगातच बुडाला, तर त्या स्वस्ताईचा उपयोग काय? दिवाळी मात्र दोन्हीकडे अधलीमधली. तेव्हा बरोबर कोण आहे, यावर ठरवावं.

बरोबर आई-बाबा असतील तर मी डोळे मिटून प्रॉमथेप म्हणेन. गाडी जवळपर्यंत जाते, थोड्या पायऱ्या चढल्या की वर मोकळी सपाट जागा. तिकीट नाही. खाली ताडाच्या झाडांमधून समुद्रात उतरत गेलेली जमिनीची सोंड दिसते. तिच्या टोकापर्यंत पायवाट आहे, पण खडक निसरडे; ते तरुणांवर सोडावं. वरच दीपगृह आहे, राजे भूमिबोल यांच्या राज्यारोहणाला 50 वर्षं झाली म्हणून 1996 मध्ये उभारलेलं. आणि देवस्थान आहे चक्क ब्रह्मदेवाचं. आपल्याकडे ब्रह्मदेवाचं देऊळ म्हटलं की पुष्करच आठवतं. इथे चतुर्मुख ब्रह्मदेव उघड्यावर, भोवती हत्तीच हत्ती. लाकडाचे, दगडाचे, मुठीत मावतील इतके लहान ते चांगले दणदणीत. काहींच्या गळ्यात झेंडूच्या माळा. हे सगळे भाविकांनी वाहिलेले. तुम्हीही उदबत्ती लावून हात जोडू शकता, कोणी अडवत नाही. आमच्या समोरच्या काकूंचा कुठल्याही सहलीआधी पहिला प्रश्न असतो, "अहो, पण देवळात आत जाऊ देतात का?" त्यांच्यासारख्यांचं समाधान इथे होतं.

उलुवातूला तसं होत नाही. आवारात फिरता येतं, पण गाभाऱ्याकडचा भाग फक्त पूजेला आलेल्यांसाठी. आपण हिंदू असलो तरी पर्यटक म्हणूनच गेलेले असतो. तिकिटाबरोबर कमरेला गुंडाळायला सरोंग किंवा पट्टा देतात. पाळी सुरू असलेल्या बायकांनी आत येऊ नये, अशा पाट्या बालीच्या देवळांबाहेर असतात; पटो न पटो, आधी माहीत असलेलं बरं. पण कडा म्हणावा तर हाच! समुद्रापासून साधारण 70 मीटर उंच, सरळ तुटलेला, आणि अगदी काठावर देऊळ. परंपरा त्याचा संबंध अकराव्या शतकातल्या एम्पू कुतुरान या ऋषींशी जोडते. पुढे सोळाव्या शतकातले संत निरार्थ इथेच मोक्षाला गेले, अशी श्रद्धा आहे.

माकडांबद्दल एजंट हसत हसत सांगतो, तुम्ही ते गांभीर्याने घ्या. येऊरची माकडं यांच्यापुढे अगदीच साधी. इथली माकडं चष्मा किंवा फोन पळवतात आणि खाऊ मिळेपर्यंत सोडत नाहीत. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर असं दिसलं की वयाने मोठी माकडं माणसाला जास्त मोलाची असलेली वस्तू निवडून उचलतात आणि तिच्या बदल्यात जास्त किंवा आवडीचा खाऊ मिळेपर्यंत अडून बसतात. जाड भिंगाचा चष्मा असेल तर त्याला दोरी लावूनच जा.

एवढं सोसून उलुवातूला का जायचं? केचाक या नृत्यासाठी. संध्याकाळी सहाच्या सुमाराला, सूर्य मावळत असतानाच सुरू होतो. एकही वाद्य नाही. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची वस्त्रं नेसलेले उघड्या अंगाचे पुरुष गोल करून बसतात आणि "चक-चक-चक" असा तोंडानेच ताल धरतात. गोष्ट आपलीच: सुवर्णमृग, सीताहरण, मग हनुमान आणि शेवटी खरोखरच्या आगीतलं लंकादहन. नृत्याचं हे रूप फार प्राचीन नाही, 1930 च्या दशकात घडलेलं आहे, पण रामायण ऐकत मोठी झालेली आठ-दहा वर्षांची मुलं भाषा न कळता सगळं समजून घेतात. त्याचं तिकीट वेगळं. बसायला दगडी पायऱ्या, पाठीला टेकू नाही. कंबरदुखीवाल्यांना तासभर जड जातो.

खर्चाचं थोडक्यात. थायलंडने 2023 च्या नोव्हेंबरात भारतीयांना व्हिसामाफी दिली; किती दिवसांची, हे बदलत असतं, तिकीट काढण्याआधी पाहावं. निघण्याआधी ऑनलाइन आगमनपत्र मात्र भरावं लागतं. बालीत विमानतळावरच्या व्हिसाचे माणशी 5 लाख इंडोनेशियन रुपिया, वर पर्यटक शुल्क दीड लाख. चौघांचे 26 लाख रुपिया! आकड्याने घाबरू नका, आपले तेरा-चौदा हजार होतात, पण पॅकेजमध्ये ते धरलेत का, हे एजंटला विचाराच.

मुक्कामाचंही बघा. फुकेतचा विमानतळ उत्तरेला आणि प्रॉमथेप दक्षिण टोकाला, म्हणून उतरल्या दिवशीच सूर्यास्त गाठायचा हट्ट नको; रावाई किंवा काता भागात राहिलात तर सोयीचं. उलुवातू विमानतळापासून त्या मानाने जवळ, पण केचाक संपला की सगळे प्रेक्षक एकदमच अरुंद रस्त्यावर येतात. तिथे परतीची गाडी शोधत बसण्यापेक्षा ती सकाळीच दिवसभरासाठी ठरवून ठेवा आणि ड्रायव्हर कुठे थांबणार, ते आत जाण्याआधी विचारून घ्या.