स्टिकर ३५चं, बॅटरी १२ची

भावासाठी बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर घेतली, त्यात एकूण ३८,५०० रुपये गेले. ८,५०० बुकिंगचे, ३,००० 'फाइल'चे आणि २७,००० खुर्ची दारात उतरली तेव्हा. तिन्ही वेळा यूपीआयने, आणि तिन्ही वेळा स्क्रीनवर दुकानाचं नाव येण्याऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणे, "साहेब, करंट खात्याचं लिमिट संपलंय, हा पार्टनरचा नंबर." हे ऐकूनही पैसे टाकणाऱ्याला काय म्हणायचं ते म्हणा, मी रोज म्हणतोच आहे.

एजंट, आगाऊ रक्कम, 'ऑफर आजच्यापुरती' हा खेळ सगळ्यांना पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या व्हीलचेअरमध्ये माल नेमका कुठे मारतात ते सांगतो.

खुर्ची २४ व्होल्टची, म्हणजे १२-१२च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकीला एक जोडून. ठरल्या होत्या ३५ अँपिअर-अवरच्या. बॅटरीत वीज किती मावते, त्याचं हे माप. खुर्ची आली तेव्हा मी व्होल्टेज मोजायचा मल्टीमीटर घेऊन उभा होतो. हे मुद्दाम सांगतोय, म्हणजे डोळे मिटून व्यवहार केला असं कुणी समजू नये. पिना लावल्या, २५.६ व्होल्ट. मी खूश! पण व्होल्टेजवरून कळतं ते बॅटरी भरलेली आहे एवढंच. केवढी आहे ते कळत नाही. तांब्याही काठोकाठ भरतो आणि पिंपही.

आणि मग ते घडलं, ज्यावर मी अजून रात्री कूस बदलतो. चार्जिंगची जोडणी दाखवायला त्याच्या पोऱ्याने सीटखालची एक बॅटरी उपसली आणि माझ्या हातात दिली. एका हातात. मी ती एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने चष्मा सारखा करत स्टिकर वाचत होतो. ३५ची शिशाची सीलबंद बॅटरी दहा-अकरा किलो भरते, ती अशी चहाच्या किटलीसारखी धरून उभं राहता येत नाही. ही जेमतेम चार किलोची. वर स्टिकरचा एक कोपरा सुटलेला, खाली दुसऱ्या छपाईची निळी कड दिसत होती. तो कोपरा मी अंगठ्याने दाबून परत चिकटवला. मी! स्वतःच्या हाताने! महिन्याभराने तोच ओढला तर खाली स्वच्छ '१२'.

१२ गुणिले २४ म्हणजे २८८ वॅट-अवर ऊर्जा, ३५चे झाले असते ८४०. किलोमीटरला साधारण ३० वॅट-अवर धरले तर ही बॅटरी पार पिळून काढली तरी नऊ-दहा किलोमीटर. शिशाची बॅटरी रोज अशी पिळली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ती मरते. पाचव्या आठवड्यात आमची दोन किलोमीटरवर आली. रॅम्पवर व्होल्टेज २०च्या खाली कोसळायचं, मोटर चालवणारा कंट्रोलर सप्लाय तोडायचा आणि भाऊ मध्येच लटकलेला. करंट गेला की चुंबकी ब्रेक आपोआप लागतो हे नशीब. मोटरजवळची, खुर्ची ढकलण्यासाठी मोकळी करायची खिटी मोकळ्या स्थितीत राहिली असेल तर तोही लागत नाही. ती आधी बघा.

रिकामी खुर्ची फरशीवर फिरवून दाखवतील, मान डोलावू नका. ज्याच्यासाठी घेताय त्यालाच बसवा, चढावर न्या, मीटर जोडलेलाच ठेवा. नवी बॅटरी चढावर २२च्या खाली उतरली तर गाडी तिथूनच परत पाठवा.

बरं, नव्या ३५च्या घालीन म्हटलं तर बसतच नाहीत. पेटी आतून पंधरा सेंटीमीटर लांब, बॅटरी साडेएकोणीस. म्हणजे सांगाडाच मुळात १२साठी बनवलेला. टेप लावून दोन मिनिटांत कळलं असतं.

'फाइल'चे ३,००० कशाचे? तर "एडिप योजनेतून २५,००० तुमच्या खात्यात परत येतील." ही केंद्राची दिव्यांगांसाठीची योजना १९८१पासूनची आहे. तीत साधन मिळतं, ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला बघून. बाजारात घेतलेल्या खुर्चीचे पैसे खात्यात येत नाहीत. हे मला ठाऊक होतं. तरी वाटलं, नियम बदलला असेल. गरज असली की माणूस स्वतःलाच पटवतो. दिव्यांगांच्या ओळखपत्राला, यूडीआयडी कार्डालाही फी नसते. आमच्या आधारची आणि त्या कार्डाची झेरॉक्स त्याच्याकडे आहे, कोरी. झेरॉक्सवर आडवं लिहून द्या: कशासाठी, कुणाला, तारीख. त्याच नावावर दुसऱ्याने साधन उचललं तर पुढची काही वर्षं तुमचा अर्ज बाद.

बिलावर १८ टक्के जीएसटी लावलेला, नंबर मात्र कुठेच नाही. व्हीलचेअरला ५ टक्के असतो. हेही नंतर दिसलं.

चौकीत गेलो. "माल मिळालाय ना? मग फसवणूक कसली?" दोन्ही बॅटऱ्या टेबलावर ठेवल्या. साहेबांनी एक उचलली, तीही एका हाताने, आणि म्हणाले, "जड तर आहे की." कलम जुनं ४२० म्हणा की आताचं ३१८, अर्ज काही पुस्तकात चढला नाही. तीन चकरा. मग दिव्यांगांची कामं बघणारी कचेरी. दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. वर गेलो तर "लाभार्थीला समक्ष आणा." लाभार्थी खाली जिन्याशी बसलाय म्हटलं, तर "मग अर्ज इनवर्डला टाका." इनवर्डची वेळ संपलेली. या लोकांनी एकदा तरी त्या जिन्याने बसून उतरून दाखवावं!

पैसे ताजे गेले असतील तर त्याच तासात १९३०ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी सहा आठवडे "बदलून देतो सर" ऐकत बसलो. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. तक्रार टाकली आहे.

बॅटऱ्या भंगारात दिलेल्या नाहीत, तुम्हीही देऊ नका, पुरावा तोच. किराणावाल्याच्या काट्यावर ठेवून फोटो काढलाय: दोन्ही मिळून ८ किलो १०० ग्रॅम.