रूनक्वेस्ट, अकरा महिन्यांनी : सगळा हिशेब शेवटी गायीवर येतो

रूनक्वेस्ट हा टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा रोलप्लेइंग गेम. डी-१०० (शंभरपर्यंतचा फासा), रून्स (जादूमागच्या शक्तींची चिन्हं), स्ट्राइक रँक (लढाईत कोणाचा वार आधी) यांचे नियम इथे समजावत बसत नाही. आवृत्ती २०१८ ची, ग्लोरान्था जगातली. सेशन महिन्याला दोन, एक साहस साधारण दोन सेशनचं आणि खेळातल्या प्रत्येक ऋतूत एक साहस. या वेगाने अकरा महिन्यांत खेळातली दोन वर्षं पुरी होतात. लढाईबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, तेव्हा इथे प्रश्न एवढाच : त्या जगातल्या सार्तार राज्याच्या, ऑर्लान्थ देवाला मानणाऱ्या ऑर्लान्थी लोकांचं रोजचं जगणं, म्हणजे शेत, गोठा, सोयरिक, सणवार, हे टेबलावर खरंच उतरतं का, की नुसतं वाचायला छान?

उतरतं. पण दोनच वाटांनी, गायीच्या आणि दिनदर्शिकेच्या.

आधी गाय. किंमत २० ल्यूनर (चांदीची नाणी). व्हील हे सोन्याचं नाणं म्हणजेही २० ल्यूनर, म्हणजे एक व्हील, एक गाय. स्वतंत्र माणसाचा वर्षाचा खर्च ६० ल्यूनर, तीन गायी. शत्रूच्या हाती सापडलात तर साध्या शेतकऱ्याची खंडणी ५०० ल्यूनर, पंचवीस गायी. सरदार घराण्यातला असाल तर १,०००, पन्नास गायी. एवढे चार आकडे प्रत्येक खेळाडूच्या शीटवर वरच्या कोपऱ्यात लिहायला लावा. समाज समजावून सांगायला जीएमला (खेळ चालवणाऱ्याला) जे अर्ध्या तासाचं भाषण द्यावं लागतं, ते वाचतं.

तुलना करून बघा. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या दुसऱ्या रोलप्लेइंग गेमच्या २०१४ च्या दरपत्रकात गाय १० सोन्याच्या नाण्यांना आणि मध्यम राहणीचा खर्च रोज १ नाणं. म्हणजे साध्या माणसाचं पोट दर दहा दिवसांनी एक गाय गिळतं, वर्षाला साडेछत्तीस! अकुशल मजुराला रोज २ चांदीची नाणी मिळतात आणि गरिबीत राहायचा खर्चही रोज २ चांदीची नाणीच. त्याच्या दारात गाय कधी यायची? ते दरपत्रक साहसी मंडळींच्या खरेदीसाठी केलेलं आहे, गावाला तिथे हिशेब नाही. रूनक्वेस्टमध्ये आहे. म्हणून इथे ‘शेजारच्या कुळाने रात्रीत बारा गायी नेल्या’ एवढं म्हटलं की टेबल गप्प होतं. २४० ल्यूनर. एका माणसाची चार वर्षं.

आणि आता ज्याचं कौतुक कुठे फारसं वाचायला मिळत नाही ती गोष्ट. गायीची धाड या नियमांत कत्तल होत नाही, त्याचं कारण घाव कुठे बसला ते ठरवणाऱ्या हिट लोकेशनच्या तक्त्यात आहे. डी-२० (वीस बाजूंचा फासा) वर १ ते ४ उजवा पाय, ५ ते ८ डावा. म्हणजे चाळीस टक्के घाव पायावर. डोकं फक्त १९-२०, छाती फक्त १२. पायाची मार सोसायची क्षमता शून्यावर आली की माणूस खाली पडतो, पण बहुतेक वेळा जिवंत असतो. आता समोर पडलेला हा माणूस मेला तर वैर, जगला तर पंचवीस गायी. खेळाडूंना दया शिकवावी लागत नाही, गणित ते काम करतं. दुसऱ्या-तिसऱ्या धाडीपासून लोक जखम भरणारा हील मंत्र शत्रूवर टाकायला लागतात, आणि पकडलेल्याला घरी आणून जेवायला घालायचं की गोठ्यात बांधायचं यावर वाद घालतात. रोजचं जगणं टेबलावर येतं म्हणजे हेच. कैद्याला कोण वाढणार, आपल्या कुळात दिलेली त्याची आत्या काय म्हणणार.

बिघडतं कुठे तेही सांगतो. डी अँड डीतून आलेला खेळाडू आणलेल्या बारा गायी सरळ जोन्सटाउनच्या बाजारात नेतो आणि २४० ल्यूनर मागतो. जीएमने दिले की खेळ संपला, गाय परत सुट्टी नाणी झाली. मग आम्ही घरचे तीन नियम केले. एक, गाय ओळखू येते : खूण, शिंगं, रंग. विकताना कस्टम्सचा (रीतिरिवाजांच्या कौशल्याचा) रोल, म्हणजे फासा, आणि फसला तर मूळ मालकाच्या कानावर बातमी. दोन, खेड्यात फारशी नाणी नसतात. मोबदला निम्मा धान्य, कापड, लोणी, ब्राँझ यांत मिळतो. तीन, आणलेल्या गुरांत कुळाच्या प्रमुखाचा वाटा आधी निघतो, मग देवळाचा, उरेल ते धाडीवर गेलेल्यांचं. हे तीन नियम छापील नाहीत, पण असायला हवे होते असं वाटतं.

मराठी टेबलावर हे पटकन रुजतं. गावाबाहेरच्या वीरगळावर खालच्या पट्टीत गायींची रांग, वर लढणारा वीर, त्याच्या वर अप्सरा त्याला नेताना, हे बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. गुरं सोडवताना मेलेल्याचा दगड उभा राहतो, हे समजवायला ग्लोरान्थाचा इतिहास लागत नाही.

आता तक्रार, आणि ही तक्रार मी लांबवणार आहे.

दिनदर्शिका. वर्ष २९४ दिवसांचं. पाच ऋतू, क्रमाने सी, फायर, अर्थ, डार्क, स्टॉर्म. प्रत्येकात आठ आठवडे, आठवड्याला सात दिवस, म्हणजे ऋतूला ५६ दिवस. शेवटी सेक्रेड टाइमचे दोन आठवडे, १४ दिवस. आठवड्यांनाही नावं आहेत : डिसऑर्डर, हार्मनी, डेथ, फर्टिलिटी, स्टॅसिस, मूव्हमेंट, इल्यूजन, ट्रूथ. तारीख लिहायची ती ‘अर्थ सीझन, मूव्हमेंट वीक, विंड्सडे’ अशी. इतकी सुबक रचना की डोळे मिटून वापरता यावी. आणि वापरता येत नाही! कारण दिवसांची नावं एका जागी, देवांचे पवित्र दिवस त्या-त्या पंथाच्या वर्णनात, आणि उपासनेचे नियम तिसरीकडेच. चार खेळाडू, चार पंथ, आणि प्रत्येक वेळी ‘आज काय वार?’ म्हटलं की पाच मिनिटं पानं उलटणं. एवढ्या जाड पुस्तकात एक पान आडवं छापून सगळे सण एका चौकटीत दिले असते तर काय बिघडलं असतं? आपल्याकडे किराणा दुकानदार फुकट वाटतो त्या कॅलेंडरात तिथी, वार, उपवास, एकादशी सगळं एका चौकोनात मावतं.

ही नुसती गैरसोय असती तर सोडून दिली असती. पण रून जादूचे, म्हणजे देवाकडून मिळणाऱ्या जादूचे, पॉइंट खर्च केले की ते झोपून परत येत नाहीत. पवित्र दिवशी, देवस्थानात, उपासनेचा रोल करून परत मिळतात. वादळदेव ऑर्लान्थचा वार विंड्सडे, भूदेवी एर्नाल्डाचा क्लेडे. धाडीच्या नादात वार चुकला की पुढच्या लढाईत हात रिकामे. देवस्थान जवळ नसेल तर सँक्टिफाय मंत्राने जागा पवित्र करून घ्यावी लागते, त्याला पुन्हा पॉइंट जातो. म्हणजे सबंध समाजव्यवस्था ज्या खिळ्यावर टांगली आहे तो खिळाच शोधायला लागतो.

उपाय स्वस्त आहे. ए-फोर कागद आडवा धरा, सात रकाने, आठ ओळी, असे पाच कागद. सहाव्यावर सेक्रेड टाइमच्या दोन ओळी, लक आणि फेट या आठवड्यांच्या. प्रत्येक खेळाडूला एक रंग द्या आणि त्याच्या पंथाचे दिवस त्या रंगाने टिंबवून ठेवा. सेशनमध्ये दिवस उलटला की काट मारा. खर्च झालेले रून पॉइंट त्याच चौकोनात पेन्सिलीने. एकदाचं दीड तासाचं काम. झेरॉक्स काढून ठेवली की दर वर्षी तीच चालते.

हे कागद भिंतीवर लागले की पुढचा बदल आपोआप होतो. सी सीझनमध्ये पेरणी आहे, म्हणजे शेतकरी कॅरेक्टरला आठही आठवडे बाहेर भटकता येणार नाही. अर्थ सीझनमध्ये कापणी. धाडी फायर सीझनमध्ये सोयीच्या, कारण गुरं लांबच्या कुरणांत असतात. डार्कमध्ये घरात कोंडून, म्हणून भांडणं आणि सोयरिकी. पंथाच्या दीक्षिताला वेळेचा आणि कमाईचा दहावा हिस्सा द्यावा लागतो, तोही आता चौकोन मोजून दिसतो : ५६ पैकी पाच-सहा दिवस देवळाचे.

इथून पुढे आधीचं मत दुरुस्त करतो. खेळातल्या पहिल्या वर्षानंतर माझा सल्ला असा होता की सेक्रेड टाइम सरळ उडवा. शकुन, सुगी, कमाईचा रोल, दशमांश, राहणीचा खर्च, घरात जन्म-मृत्यू असं सगळं टेबलावर बसून केलं की सोसायटीच्या वार्षिक सभेसारखं वाटतं, आणि अख्खं सेशन जातं. दुसऱ्या वर्षानंतर तो सल्ला मागे घेतो. कारण सुगी वाईट गेली, कमाई पडली आणि ६० ल्यूनर जमेनात, की पुढच्या वर्षीची धाड जीएमला सुचवावी लागत नाही. खेळाडू स्वतः म्हणतो, कुणाच्या गायी जवळ आहेत? फक्त आकडेमोड टेबलाबाहेर काढा. कमाईचा रोल, दशमांश आणि खर्च आधी ग्रुपवर मेसेज करून उरकून घ्या. टेबलावर फक्त शकुन, घरातली बातमी आणि उपासना. पाऊण तासात होतं.

कौशल्यांच्या वाढीचंही तसंच. वापरलेल्या कौशल्यावर खूण, ऋतूअखेर फासा कौशल्याच्या वर पडला की १डी६ (सहा बाजूंच्या फाशावर पडेल ते) किंवा सरळ ३ ने वाढ. लोक तलवारीवर खुणा गोळा करतात आणि हर्ड (गुरं राखणं), फार्म (शेती), मॅनेज हाउसहोल्ड (घर चालवणं) जन्मभर तसेच पडून राहतात. त्यांना काम द्या. रात्री बारा गायी ओढ्यातून काढायच्या तर हर्डचा रोल, आणि फसला तर एक गाय हंबरते. पाहुण्यांची पंगत वाढायची तर मॅनेज हाउसहोल्ड. पॅशन, म्हणजे कॅरेक्टरच्या टक्क्यांत मोजलेल्या तीव्र भावना, त्याही घरगुती भांडणात आणा. कुळावरची निष्ठा साधारण ६० टक्क्यांपासून सुरू होते. ती पणाला लावून रोल जमला तर दुसऱ्या कौशल्याला २० टक्के मिळतात, फसला तर २० जातात. लढाईत वापरायला सगळेच पुढे येतात. पण बहिणीचं लग्न वैरी कुळात ठरवताना तीच निष्ठा पणाला लावली की खेळाडू फासा हातात धरून बसतो.

एक इशारा मराठी टेबलांसाठी. वायटर हा कुळाचा रक्षक आत्मा, त्याला कुलदैवत म्हटलं की लगेच कळतो. कुळातल्या कुळात लग्न नाही, हे सगोत्र म्हटलं की कळतं. गावच्या रेडस्मिथला (ब्राँझच्या लोहाराला) धान्याच्या रूपात मोबदला, हे बलुतं म्हटलं की कळतं. पण तिथेच थांबा. बलुत्याच्या मागोमाग जात येते, आणि ती इथे बसत नाही. शेतकऱ्याची मुलगी भाला उचलून योद्धा होते, कुणी भुवया उंचावत नाही. आणि वायटर नवसाला पावणारा दूरचा देव नाही. त्याला स्वतःची पॉवर (आत्मिक बळाचा आकडा) आहे, तो जखमी होतो, नष्टही होतो. या दोन गोष्टी पहिल्याच सेशनला सांगून टाकलेल्या बऱ्या.

खर्चाचं. आधी जाड पुस्तक मागवू नका. क्विकस्टार्टची (थोडक्यात नियम आणि एक साहस असलेल्या पुस्तिकेची) पीडीएफ फुकट आहे आणि त्यातलं साहस चोरीला गेलेल्या गुरांच्या मागावरचंच आहे. म्हणजे वर सांगितलेलं जमतंय का ते एकही रुपया न घालता कळतं. जमलं तर २०२१ चा स्टार्टर सेट. त्यात जोन्सटाउन शहराची माहिती आणि चौदा तयार कॅरेक्टर आहेत, त्यामुळे आजी-आजोबांपासून घराण्याचा इतिहास काढण्यात पहिलं सेशन जात नाही. ज्या खेळाडूला कुळ म्हणजे काय हे कळतच नाही, त्याला किंग ऑफ ड्रॅगन पास हा १९९९ चा काँप्युटर गेम द्या, मोबाइलवरही आहे. सात जणांचं सल्लागार मंडळ, तेच पाच ऋतू, त्याच गायी. एका आठवड्यात तो माणूस टेबलावर येऊन विचारतो, आपल्याकडे चारा किती आहे?

मुख्य पुस्तक त्यानंतर, आणि तेही पीडीएफ. छापील प्रत देखणी आहे, पण आयात करून पडणाऱ्या पैशांत अख्ख्या ग्रुपचे कागद, रंगीत पेन्सिली आणि वर्षभराचा चहा निघतो. पीडीएफमध्ये निदान ‘विंड्सडे’ टाइप करून शोधता येतं.