एलिक्सर नॅनोवेब तारा: किनाऱ्यावर कार्यक्रम करणाऱ्या गिटारवाल्यांसाठी

रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या, दमट हवेत गिटारच्या साध्या ब्राँझ तारा लवकर काळवंडतात. घाम आणि मळ तारेवरच्या गुंडाळीच्या फटींत बसतो, आवाज बद्द होतो, सूरही नीट लागत नाही. एलिक्सर कंपनीच्या नॅनोवेब तारांवरचं पातळ आवरण तो मळ आत जाऊच देत नाही. ह्या तारा महाग आहेत, तरी उघड्या स्टेजवर वाजवणाऱ्यांनी ह्याच घ्याव्यात. अकूस्टिकला १२-५३ चा (सगळ्यात बारीक ते जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात) संच उत्तम.

तार खुंटीवर दोन-तीन वेढे देऊन चढवा, हाताने हलकेच ओढा, पुन्हा सुरात आणा. हे टाळलं तर पहिल्याच गाण्यात तार उतरते. जोरकस पिकने आवरणाचे धागे सुटतात. दिसायला वाईट, आवाजाला फारसा धक्का नाही. गिटारचं लाकूड मात्र ह्या आवरणाने वाचत नाही: पावसाळ्यात वरची फळी फुगते, तारा गळ्याच्या पट्टीपासून उचलल्या जातात. गिटार बंद केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.